अर्धी उघडलेली फाइल

गौरीशंकर सर चौथ्यांदा बटण दाबणार, इतक्यात अलिजाने वाकून प्लगच उपटला.

सरांचा हात तसाच राहिला. नळदुर्गात पहिला कॉम्प्युटर क्लास काढलेला हा माणूस. अलिजा टायपिंगपासून सगळं त्यांच्याकडेच शिकली होती. आता बसस्टँडजवळ तिचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि सर आपला जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून आले होते. तेही मदत मागायला नव्हे, एक चांगला पेनड्राइव्ह मागायला. नवी सिस्टीम टाकताना गाडी दर वेळी त्रेचाळीस टक्क्यांवर अडत होती. घरी सरांनी दोन पेनड्राइव्ह बदलले, रॅम काढून पुसून बसवली. दोष पेनड्राइव्हचाच, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

दुकानातला तिसरा प्रयत्न चालू असताना अलिजाने डब्याला कान लावला होता. आत हार्डडिस्क टकटक करायची, थांबायची, पुन्हा टकटक.

“सर, डिस्क जायला लागलीय. आता हिच्यावर काही लिहायचं न्हाय.”

“अकरा वर्षं चाललीय ती.”

आत काय आहे, असं तिने विचारलं. नळदुर्गच्या आसपास बोलले जाणारे शब्द सर अकरा वर्षं गोळा करत होते. मराठी, कानडी, दखनी, एकमेकांत मिसळलेले. कोश छापायला शुक्रवारी सोलापूरला द्यायचा होता. एक प्रत सीडीवर होती, ती आता उघडत नव्हती. पण सगळं डिस्कच्या दुसऱ्या भागात आहे, त्याला आपण हात लावलेला नाही, असं ते ठासून म्हणाले. भाग दोन असले तरी डिस्क एकच, हे अलिजाला सांगावं लागलं नाही. बोलता बोलता ते सरांच्याच लक्षात आलं.

“किती वाचंल?” त्यांनी विचारलं.

“बरंच. पण मी सांगते तसं करायचं.”

तिने चार स्क्रू काढले, डिस्क अलगद बाहेर घेतली आणि आपल्या मशीनला जोडली. आधी धड जागेवरचं उतरवून घ्यायचं, अडणाऱ्या जागा शेवटी. डिस्क तापली की ती काम थांबवायची आणि निवू द्यायची. सरांनी दोनदा घाई केली, दोनदा तिने मान हलवून नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. मधल्या वेळात तिने सरांच्या कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवली. सिस्टीम त्रेचाळीसच्या पुढे सरकली, पूर्णही झाली. सरांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

चार वाजता तिने खुर्ची फिरवली. एक सोडून सगळ्या फाइली आल्या होत्या. ती एक अर्धीच उघडत होती. वरच्या ओळीत सांगणाऱ्याचं नाव होतं: जमिलाबी.

अलिजाने आपल्या आईचं नाव पुन्हा वाचलं. तिची आई तिला क्लासला सोडायला यायची आणि सुटेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहायची. बाकीच्या मुली एकट्या यायच्या. आपल्यावर नजर ठेवायला अम्मी बसते, असं तिला वाटायचं, आणि बाहेर पडल्यावर ती मुद्दाम चार पावलं पुढे चालायची.

“अम्मी तुम्हाला शब्द सांगायची?”

“दोन वर्षं. तू आत टायपिंग करायचीस, आमचं बाहेर चालायचं. पोरीला सांगू नका, हसंल, म्हणायच्या.”

अलिजाने फाइल सावकाश खाली सरकवली. तीस-चाळीस शब्द शाबूत होते. मग अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. चौकोनांच्या आधी एकच शब्द उरला होता, परसों, आणि त्याच्यापुढे अर्थ नव्हता.

“परवा,” सर म्हणाले. “तेवढं घालून टाक. बाकीचे गेले समजायचं.”

“परवा न्हाय, सर. होऊन गेलेला कुठलाबी दिवस. अम्मी आजबी म्हणते, परसों तू सरांच्या क्लासला जायचीस.”

सरांनी स्टूल टेबलाजवळ ओढलं, चष्मा पुसून लावला आणि खिशातून पेन काढलं.

“अम्मीचा पुढचा शब्द?” त्यांनी विचारलं.