हँडलला माया किती ठेवायची

घड्याळजी घरात बोलत नसत. मुके नव्हते. "मीठ दे", "पंखा कमी कर", "माझा चष्मा कुठाय" एवढं येत असे त्यांना. पण ज्याला बोलणं म्हणावं ते फक्त मोटरसायकलवर. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांच्या पोटात डोकं घालून बसणारा हा माणूस, रविवारी संध्याकाळी किक मारली रे मारली की असा सुटायचा, की मागे बसलेल्या टेलरबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आठवडाभराचा नवरा एकदम मिळायचा. समोर बसलेल्या बायकोशी काय बोलावं हे त्यांना लग्नापासून सुचलेलं नव्हतं. पाठ फिरवली की सगळं आठवायचं.

गेल्या वर्षी भाच्यानं मामांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "मामा, तुमचं हँडल दूधवाल्यासारखं दिसतं," म्हणाला. झालं. मामांनी शर्यतीच्या गाडीला असतं तसलं बुटकं हँडल बसवून घेतलं. तेव्हापासून घड्याळजी टाकीवर असे पालथे पडायचे, जणू रस्त्यावर सांडलेला एखादा बारीक स्क्रू शोधतायत. पुढचा नवरा आडवा झाल्यामुळे टेलरबाई मागे एकट्याच ताठ बसलेल्या, छपरावर विसरलेल्या अँटेनासारख्या. वारा सगळा त्यांना, आणि बोलणं सगळं पेट्रोलच्या टाकीला. काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. पण "ऐकू येत नाही" म्हटलं तर हा माणूस कायमचा गप्प व्हायचा, या भीतीनं त्या दर थोड्या वेळानं "हं" म्हणत राहायच्या.

मग घड्याळजींची मान धरली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "एक तर हँडल बदला, नाहीतर गाडी सोडा."

"विकून टाकू," घरी आल्यावर घड्याळजी म्हणाले. "बसनं जात जाऊ."

बसमध्ये शेजारी शेजारी बसावं लागतं, आणि शेजारी बसवलं की हा नवरा खिडकीचा होतो, हे टेलरबाईंना पक्कं ठाऊक होतं.

"काही विकायचं नाही," त्या म्हणाल्या. "उठा. हँडल बघायला जाऊ."

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला सगळे पाना म्हणत. त्याच्या छताला हँडलं शिंगांसारखी अशी लटकत होती की गुरांच्या बाजारात उलटं टांगून घेतल्यासारखं वाटावं.

"कशासाठी पाहिजे, दादा?" पानानं विचारलं. "आरामासाठी की कंट्रोलसाठी?"

"रुबाबासाठी," घड्याळजी म्हणाले.

"ऐकू येण्यासाठी," टेलरबाई म्हणाल्या.

पानानं दोघांकडे बघितलं. "वहिनी, हॉर्न पलीकडच्या दुकानात मिळतो."

"हॉर्न नको. यांचं तोंड माझ्या कानाच्या उंचीला आलं पाहिजे. बाकी तुझं तू बघ."

पहिलं बसवलं ते उंच शिंगांचं. घड्याळजींचे दोन्ही हात खांद्यांच्या वर गेले, कुणी पिस्तूल रोखल्यासारखे.

"काखेत वारा लागतोय," ते म्हणाले.

"उन्हाळ्यात बरं पडेल," पाना म्हणाला.

पण हँडल डावीकडे पूर्ण वळवलं तशी गाडी आपणहून भॉं करून ओरडली. अ‍ॅक्सिलरेटरची केबल पुरत नव्हती. वळलं की ताणली जायची. "चालेल की," पाना म्हणाला, "केबल लांब घालू." टेलरबाईंना मात्र वळणावर आपोआप चेकाळणारी गाडी पसंत नव्हती.

दुसरं सरळसोट काठीसारखं. त्यावर मान बरी राहिली, पण मनगटं वाकडी झाली. तिसरं इतकं मागे वळलेलं, की वळताना त्याचं टोक घड्याळजींच्या पोटात रुतलं आणि गाडी पोटाच्या परवानगीशिवाय वळेना.

"हँडल बरोबर आहे," पाना म्हणाला. "पोट चुकीचं आहे."

"ते बदलून मिळत नाही," टेलरबाई म्हणाल्या. "तू असं कर, मापाचं बनव."

"बनवतो की. पाइप वाकवणारा आहे ओळखीचा. दादा, डोळे मिटून बसा आणि हात सैल पुढे करा. जिथे आपोआप येतील तिथे मुठी पाहिजेत. मी माप घेतो."

"तू कशाला?" टेलरबाईंनी पर्समधून टेप काढली. माप घ्यायला बाहेरचा माणूस लावणं म्हणजे त्यांच्या धंद्याचा अपमान होता.

घड्याळजी डोळे मिटून, हात पुढे करून गॅरेजच्या मधोमध बसले. झोपेत चालणारा माणूस दमून गाडीवर बसलाय असं दिसत होतं. टेलरबाईंनी खांदे घेतले, बाह्या घेतल्या, कोपरातला बाक घेतला.

"अगं, गुदगुल्या होतात!"

"हलू नका. आणि पोट आत घेऊ नका. गाडीला काय दाखवायचंय?"

त्या एकेक आकडा सांगत गेल्या, पाना खडूनं फरशीवर लिहीत गेला. "एवढी रुंदी?" त्यानं एकदा डोकं खाजवलं. पण टेलरबाईंच्या मापावर शंका घ्यायची त्या गल्लीत कुणाची छाती नव्हती.

हँडल तयार होऊन आलं, बसलं, आणि घड्याळजी गाडीवर बसले ते दोन्ही हात फाकवून, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला मिठी मारायला निघाल्यासारखे. मान सरळ होती हे खरं. पहिल्याच वळणावर बाहेरची मूठ इतकी लांब गेली, की ती पकडायला त्यांना सीटवरून अर्धं उठून तिच्यामागे धावावं लागलं. ते कसेबसे घराच्या फाटकाशी आले आणि तिथे "खट्" झालं. हँडल दोन खांबांच्या मधे अडकलं. गाडी पुढे जाईना, मागे येईना. मागे गल्लीत एक टेम्पो हॉर्न वाजवायला लागला.

"अगंऽऽ!" घड्याळजी ओरडले. "मी अडकलोय!"

पाना धावत आला, कुंपणावरून पलीकडे उडी मारून त्यानं हँडल निरखलं. टेलरबाई हातात कात्री घेऊनच बाहेर आल्या.

"वहिनी, हे माप दादांचंच ना?"

"त्यांचंच. शिवाय माया."

"कोण माया?" घड्याळजी म्हणाले.

"कोण नव्हे हो! शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो ती माया. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच. वर सैलसर पाहिजे म्हणून आणखी एकेक. उद्या अंग सुटलं तर?"

पाना खाली बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी," शेवटी तो डोळे पुसत म्हणाला, "लोखंडाला माया ठेवत नाहीत."

"का? चुकलं तर उसवणार कशातून?"

"लोखंड उसवत नाही हो!"

"पण कापता तर येतं ना?" टेलरबाईंनी कमरेवर हात ठेवला. "कमी घेतलं असतं तर काय करणार होतास? जोड देणार होतास?"

कमी पडलेला पाइप भंगारात जातो, हे पानालाही माहीत होतं. तो मुकाट्यानं गॅरेजमधून करवत घेऊन आला. टेम्पोवाल्यानं खाली उतरून गाडीचं मागचं चाक धरलं, कारण त्यालाही घरी जायचं होतं. मुठी काढल्या, टेलरबाईंनी खडूनं खूण केली, आणि पानानं एका बाजूची माया कापली, मग दुसऱ्या बाजूची. "थोडं राहू द्या," त्या मधेच म्हणाल्या, "अगदी अंगाबरोबर नको." अर्धा अर्धा इंच राहिला. फाटकानं गाडी सोडली.

रविवारी दोघं निघाले. घड्याळजी ताठ बसले होते, कोपरं सैल, मनगटं सरळ. वळण आलं, गाडी सांगितलेलं ऐकल्यासारखी वळली. त्यांची रुंद पाठ टेलरबाईंसमोर भिंतीसारखी उभी होती आणि वारा तिच्या दोन्ही बाजूंनी निघून जात होता. पण ते बोलत नव्हते. शाळा गेली, पाण्याची टाकी गेली. टेलरबाईंना वाटलं, संपलं. आता या माणसाला गाडीवरसुद्धा घरी असल्यासारखं वाटायला लागलं.

पूल ओलांडला आणि स्वच्छ, खणखणीत आवाज आला. "ताई बुधवारी येतेय."

"कोण ताई?"

"माझी ताई. महिनाभर राहायला. तुला विचारलं होतं की."

"मला? कधी?"

"इथेच. पुलावर. तू हं म्हणालीस."

नणंदबाई घोरतात, आणि घोरत नसतात तेव्हा सल्ले देतात.

"आणखी कशाकशाला हं म्हणाले मी?"

"बरंच आहे." घड्याळजी खूश झाले. "मी मिशी वाढवायची. तुझ्या शिवणयंत्राच्या जागी माझं मोठं लंबकाचं घड्याळ ठेवायचं. भाच्याला शनिवारी गाडी द्यायची. आणि हो, तुला विचारलं होतं, माझ्याशी लग्न करून पस्तावलीस का."

"त्यालाही हं म्हणाले?"

"दोनदा."

"अहो, मग वर्षभर काही बोलला नाहीत ते?"

"खरं बोललीस असं वाटलं," घड्याळजी म्हणाले. "म्हटलं, निदान प्रामाणिक आहे."

टेलरबाई इतक्या हसल्या की गाडी डगमगली, आणि नवीन हँडलनं ती लगेच सावरलीही. घराकडचं वळण आलं. घड्याळजींनी इंडिकेटर दिला.

टेलरबाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "सरळ घ्या. पहिल्यापासून विचारा. आता नीट उत्तरं देते."