पूर्वाची तिहाई

कसबा पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात रंगीत तालीम चालली होती. दत्तप्रसाद सरांचा मुलांचा वाद्यवृंद मागे बसलेला, आणि पुढे चौदा वर्षांची पूर्वा चांदीच्या रंगाची पाश्चात्त्य बासरी घेऊन उभी. अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात रचलेला बासरीचा एक कन्चेर्टो उद्या लोकांसमोर वाजवायचा होता.

त्याच्या पहिल्या भागाच्या शेवटी एक मोकळी जागा येते. बाकीची वाद्यं थांबतात आणि एकटी बासरी मनाला येईल तसं वाजवते. तिचं झालं, की शेजारचे दोन सूर भरभर हलवत लांबवायचे. ही खूण. ती ऐकली, की सगळ्यांनी एकदम उचलायचं.

पूर्वा रंगात आली. घरी ती आजोबांकडे बांबूची बासरी शिकत होती. बोटं तिकडे कधी वळली, तिलाच कळलं नाही. खुणेचे सूर राहिलेच. एक छोटा तुकडा तिने तीनदा फिरवला आणि तिसऱ्यांदा डौलात समेवर येऊन थांबली. झकास तिहाई झाली.

नेमकं त्या समेवर एकच व्हायोलिन वाजलं. पहिल्या खुर्चीवरच्या, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या म्होरक्या शहाबाजचं. बाकीचे गज हवेतच राहिले. मग जो तो वाटेल तिथून घुसला. मंडईतला गलका परवडला.

सर तेव्हा मागच्या मुलांना दटावत होते. त्यांनी मान वळवली आणि शहाबाजलाच धरलं.

"शहाबाजसाहेब, कात्रजची बस चुकत होती का?"

सगळे हसले. शहाबाजने नुसतं पूर्वाकडे पाहिलं. पूर्वा बासरी पुसू लागली. बासरी कोरडीच होती.

"उद्या पहिल्या खुर्चीवर सृष्टी बसेल," सर म्हणाले.

शहाबाज आपला स्टँड उचलून मागे गेला. त्याला पहिल्या खुर्चीवर बघायला उद्या त्याच्या घरचे सगळे येणार होते. पूर्वाला हे ठाऊक होतं. पास तिनेच नेऊन दिले होते.

सरांनी दुसऱ्या भागासाठी हात वर केला. पूर्वाने बासरी ओठांना लावली, पण फुंकर निघेना.

"सर, त्याचं नाही चुकलं. मी खूण दिलीच नाही. मी... तिहाई घेतली."

कुणीही हसलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

"म्हणजे इथे ऐकत होता तो एकटाच," सर सावकाश म्हणाले. "मीसुद्धा नाही. ये रे शहाबाज, पुढे ये. माझं चुकलं."

तो जवळून जाताना पूर्वाने हळूच विचारलं, "तू का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. सरांनी पुन्हा हात उचलला. पूर्वा वाजवू लागली खरी, पण त्याच्याकडे बघायचा धीर तिला तालीम संपेपर्यंत झाला नाही.