दारात कोरडं हाय

“चार नकोत मॅडम, आठ घालूया.” मायाने मेमरीची हिरवी पट्टी उजेडात धरली. “चार मोठ्या काय आणि आठ लहान काय, बेरीज तीच. पण या प्रोसेसरला आठ वाटा हायत. त्यातल्या चारच उघडल्या तर तुमच्या आकड्यांनी काय रांगेत उभं राहायचं?”

राजेश्वरीला हसू आले. “पुण्याच्या दुकानात चारच सांगितल्या होत्या. नंतर वाढवा म्हणाले.”

“नंतरचं राहून जातंय. मशीन एकदा कामाला लागलं की कोण उघडतंय?”

“बरं, आठ घाला. तुम्ही म्हणाल तसं.”

मायाने पट्ट्या एकेक करून खाचेत बसवल्या. दोन्ही टोकांना अंगठे ठेवून दाबायचे, की ‘टक्’ असा आवाज येई. आठ वेळा तो आवाज झाला.

राजेश्वरी मूळची मेढ्याची. पुण्यातली नोकरी सोडून ती साताऱ्यात घरूनच काम करत होती. नदीला पूर आला तर पाणी कोणत्या वेळी कुठपर्यंत चढेल, कोणता रस्ता आधी बुडेल, याचे गणित ती संगणकावर मांडायची. घरच्या लॅपटॉपवर तीन दिवसांच्या पुराचे गणित सुटायला नऊ दिवस लागत. “खरा पूर येऊन ओसरतो, तरी माझं उत्तर येत नाही,” असे तिने महिन्यापूर्वी पहिल्या फोनवर सांगितले होते आणि मायाला ते वाक्य आवडले होते. गिऱ्हाईक आकडे सांगत येते. ही बाई अडचण सांगत आली होती.

मायाचे दुकान माधवनगरला होते. दुकान म्हणायचे एवढेच. एका बंद पडलेल्या मागाच्या कारखान्यातला लांबच लांब हॉल तिने भाड्याने घेतला होता. छपराला उत्तरेच्या बाजूने काचा होत्या आणि दिवसभर तिथून दुधासारखा सावकाश उजेड उतरत राही. जमिनीवर माग रोवल्याच्या चौकोनी खुणा तशाच होत्या. शेजारच्या शेडमध्ये अजून चार-सहा माग चालत. त्यांची खटखट इतकी सवयीची झाली होती की ती थांबली तरच मायाचे लक्ष जाई. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला, लग्न झाले, दोन वर्षांत मोडले, ती माहेरी परत आली आणि संगणक जोडू लागली. त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. द्राक्षवाल्यांची ऑफिसे, फाउंड्र्या, शाळा, सगळीकडे तिने जोडलेली यंत्रे होती. ती काय काम करतात हे तिने कधी बसून पाहिले नव्हते. यंत्र गरम होत नाही, बंद पडत नाही, एवढे पाहायचे आणि खोक्यात घालून पाठवायचे.

संध्याकाळी यंत्र सुरू झाले. राजेश्वरीने स्वतःची फाइल त्यात घातली.

“नुसत्या चाचणीपेक्षा खरंच काम देऊया याला. २०१९चा पूर आहे. सांगलीचा. तीन दिवसांचा.”

मायाने मान हलवली.

“थांबा जरा… हं, लागलं बघा. पुराची पंधरा मिनिटं चार मिनिटांत सोडवतंय. दर वेळी एक नवं चित्र येईल.” राजेश्वरीचा आवाज एखाद्या लहान मुलीसारखा झाला होता. “मी विश्रामबागला मावशीकडं उतरतेय. उद्या दुपारी येते. अडलं तर फोन करा हं, मायाताई.”

मायाने कुलूप लावले तेव्हा आत पंखे एका सुरात घुमत होते.

*

सकाळी आठला ती आली, तेव्हा हॉल ऊबदार झाला होता. यंत्राच्या मागून येणारी गरम हवा छपरापर्यंत पोचली असावी. मायाने तापमान पाहिले, वहीत लिहिले. ठीक होते. मग तिने पडद्याकडे पाहिले.

वरून पाहिलेली सांगली होती. घरे राखाडी, रस्ते पांढरे, पाणी निळे. जिथे खोल तिथे गडद. वर कोपऱ्यात वेळ होती: तिसरा दिवस, मध्यरात्रीनंतर पाऊण तास. नदीने आपली वळणे सोडून दिली होती. निळा रंग घाटावरून चढून पेठेच्या कडेला येऊन थांबला होता. चार मिनिटांनी चित्र बदलले आणि तो कणभर पुढे सरकला.

माया खुर्ची ओढून बसली. पाच मिनिटे बघावे आणि कामाला लागावे, असे तिच्या मनात होते.

पाणी आवाज न करता येत होते. खऱ्या पुराला किती आवाज होता! माणसांचा, भोंग्यांचा, हेलिकॉप्टरचा, कुत्र्यांचा. इथे तेच पाणी झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसे सरकत होते. शेजारचे माग खटखटत होते. काचांतून उजेड उतरत होता. मायाला वाटले, आपण फार उंच कुठेतरी तरंगत आहोत आणि खालचे गाव आपले नाही.

मग तिला आपली गल्ली दिसली.

कर्नाळ रोडकडून आत वळले की सातवे घर. पडद्यावर ते नखाएवढे होते. पुढे पांढरी गल्ली, मागे ओढा, आणि ओढा व घर यांच्या मध्ये एक काळी रेघ. ती रेघ म्हणजे जुन्या वखारीची लांब भिंत, हे तिला लगेच कळले.

पुराच्या त्या तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्टेशन रोडच्या दुकानात होती. तेव्हा दुकान तळमजल्यावर होते. एकतीस यंत्रे होती, सगळी लोकांची. ती एकेक माळ्यावर चढवत होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी तिने आप्पांना फोन केला. आप्पा म्हणजे तिचे वडील, दादासो. गिरणीत जॉबर होते, माग बिघडला की नीट करायचे. गिरणी बंद झाल्यावर घरी बसून होते. गल्लीत सगळे त्यांना आप्पाच म्हणत.

“आप्पा, पाणी आलं का गल्लीत?”

“न्हाई गं. दारात कोरडं हाय.”

“खरं सांगा. मी येऊ का?”

“अगं, पायरीवर बसलोय न्हवं मी. खरंच न्हाई. तू तुजं काम उरक आन् मग ये. मानसांची यंत्रं हायत ती.”

तिने आणखी अकरा यंत्रे चढवली. साडेदहाला फोन लागेना. ती निघाली तेव्हा चौकात कमरेएवढे पाणी होते आणि पोलिसांनी दोरी लावली होती. घरापाशी ती पोचली दुसऱ्या दिवशी, होडीतून. आप्पा मागच्या खोलीत सापडले.

दहाव्याला आलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले, म्हाताऱ्याने मुद्दाम सांगितले नसणार, लेकीच्या कामात खोळंबा नको म्हणून. ते सगळ्यांना पटले. मायालाही पटले. आप्पा तसेच होते. तिच्या शेवटच्या परीक्षेच्या वेळी छातीत दुखत असताना त्यांनी तीन आठवडे कळू दिले नव्हते. ताप असला तरी “बरं हाय” म्हणायचे. त्या दिवसापासून माया त्यांच्यावर रागावली होती. आरडाओरडा करावा असा तो राग नव्हता. ती त्यांच्या फोटोला हार घालायची आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहायची नाही. एवढे खोटे बोलायची गरज होती का, आप्पा? मला यंत्रे नको होती.

पडद्यावर पहाटेचे चार वाजले. पाच वाजले. माया उठली नाही. चहावाला येऊन गेला, त्याने ठेवलेला कप निवून गेला. दर चार मिनिटांनी ती एकदा श्वास रोखून धरायची आणि चित्र बदलले की सोडायची. मध्येच तिचे डोळे मिटले असावेत. तिला वाटले, आप्पा हॉलमध्ये आले आहेत, जमिनीवरच्या चौकोनांमधून चालत आहेत आणि मोकळ्या जागी थांबून, नसलेल्या मागावर वाकून काहीतरी बघत आहेत. त्यांचे पाय कोरडे होते. ती त्यांना हाक मारणार तोच शेजारचे माग थांबले. वीज गेली होती. तिच्या बॅटऱ्यांनी यंत्र धरून ठेवले आणि पंख्यांचा सूर तसाच राहिला. दोन मिनिटांत माग पुन्हा सुरू झाले.

पडद्यावर आठ वाजले. नऊ वाजले.

मायाने चष्मा पुसला आणि तोंड पडद्याजवळ नेले.

गल्ली पांढरी होती. कर्नाळ रोडपासून सातव्या घरापर्यंत आणि त्याच्याही पुढे. पुढच्या चित्रात सव्वानऊ. तरीही पांढरी. पायरीवर बसलेल्या माणसाला त्या वेळी समोर ओली फरशीसुद्धा दिसली नसती.

निळे होते ते मागे. ओढ्याच्या तोंडातून नदी उलटी आत शिरली होती आणि वखारीच्या भिंतीमागे साचत होती. सात वाजल्यापासून साचत होती. रंग गडद होत होता. भिंतीच्या एका बाजूला पुरुषभर पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडी मागची खोली.

२००५च्या पुरात पाणी पुढून आले होते. सावकाश, पायरी-पायरीने. म्हणून २०१९लाही सगळी गल्ली पुढेच बघत बसली होती.

“कोरडंच होतं,” माया मोठ्याने म्हणाली. हॉलमध्ये कोणी नव्हते. तिने पडद्यावरच्या त्या नखाएवढ्या घरावर बोट ठेवले आणि ठेवूनच बसली. दहा वाजले, साडेदहा वाजले. चित्रातली गल्ली अजूनही कोरडीच होती आणि तिच्या बोटाखाली पडदा कोमट होता.

*

राजेश्वरी एकच्या सुमारास आली. आल्या आल्या यंत्राच्या अंगावर हात ठेवून तिने ते किती तापले आहे ते पाहिले. मग पडद्यावरची चित्रे मागे-पुढे केली.

“झकास चाललंय! पण बघा ना, इथं माझं नेहमीच घोडं अडतं.” तिचे बोट बरोबर त्याच जागी गेले. “या गल्लीत माझ्या गणितात दुपारी एकपर्यंत पाणीच येत नाही. आणि महापालिकेच्या नोंदीत अकराच्या आधीच घरं बुडाली आहेत. मला वाटलं लॅपटॉपमुळं काहीतरी बारीक राहतंय. मोठ्या यंत्रावर सुधारेल.”

“यंत्राची चूक न्हाई ती,” माया म्हणाली.

“मग?”

“ही भिंत.” मायाने काळी रेघ दाखवली. “तुमच्यात ती उभी हाय. ती पडली होती त्या दिवशी.”

राजेश्वरी तिच्याकडे वळली. “ड्रोनच्या जुन्या फोटोवरून घेतली मी ती. कधी पडली? म्हणजे किती वाजता?”

“नऊ वाजून दहाला उभी होती. साडेदहाला न्हाई.” मायाचा आवाज नेहमीसारखाच होता, ती फक्त थोडी थांबून बोलत होती. “पाणी उतरल्यावर मी तिथं गेले तर सगळ्या विटा आमच्या मागल्या दारात. शेकड्यांनी भिंती पडल्या हो तवा. मला वाटलं, ही पण त्यातलीच. पाण्यानं पडली. हिच्यामुळं पाणी आलं हे कधी डोक्यातच आलं न्हाई.”

“आमच्या मागल्या दारात?”

“सातवं घर. आमचं होतं. आप्पा घरात होते.”

राजेश्वरीचा हात माउसवरून खाली आला. काल तिने किती हौसेने फाइल घातली होती, ते तिला आठवले असावे. “मायाताई, मला माहीत असतं तर मी ही फाइल…”

“असू दे. बरं झालं.” माया म्हणाली. “फोनवर ते म्हणाले होते, दारात कोरडं हाय. मी सहा वर्सं त्यांना खोटं धरलं.”

मेढ्याच्या डोंगरात वाढलेल्या मुलीला पूर ठाऊक होता तो आकड्यांतून. राजेश्वरीने हळूच विचारले, “तिथं पाणी शेवटी किती चढलं होतं, सांगता येईल? नोंदीत त्या गल्लीतल्या पाण्याची उंचीच नाही. भिंत पाडून पुन्हा सोडवलं, तर उत्तर बरोबर आलं का ते कशाशी ताडून बघू?”

“सांगता न्हाई येणार. दाखवता येईल.”

यंत्र चालू ठेवूनच दोघी निघाल्या. मायाच्या स्कूटीवर राजेश्वरी मागे बसली, हातात मोजपट्टी घेऊन. ऊन मऊ होते. उसाच्या गाड्यांची रांग ओलांडून त्या गल्लीत वळल्या.

घर मायाने विकले त्याला चार वर्षे झाली होती. नव्या माणसांनी बाहेरून पोपटी रंग दिला होता. जिथे वखारीची भिंत होती तिथे आता तारेचे कुंपण होते, त्यापलीकडे ओढ्यात बगळे उभे होते. माया घराच्या बाजूच्या बोळात शिरली. पुराच्या चिखलाची तपकिरी रेघ तिने स्वतःच्या हाताने घासून काढली होती. किती बादल्या लागल्या ते तिच्या खांद्यांना अजून ठाऊक होते. आता वर रंगाचे दोन थर होते आणि रेघ कुठेच नव्हती.

तिने चपला काढल्या. भिंतीला तोंड करून उभी राहिली, टाचा उचलल्या आणि उजवा हात जेवढा वर जाईल तेवढा नेऊन तळवा भिंतीवर टेकवला. क्षणभर विचार करून दोन बोटे खाली घेतला.

“इथं.”

राजेश्वरीने जमिनीपासून पट्टी धरली, तळव्यापर्यंत नेली. आकडा वहीत लिहिला. मग खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजला.

घरातून एक बाई ओट्यावर आली. “कोण पायजे वो?”

“कुनी न्हाई,” माया मान न वळवता म्हणाली. “पाणी मोजतोय.”

ती बाई थोडा वेळ बघत राहिली आणि आत गेली. राजेश्वरीने पट्टी गुंडाळली, वही पर्समध्ये ठेवली. “झालं, मायाताई,” ती म्हणाली.

मायाने ऐकले. पण तिचा हात भिंतीवर तसाच होता, टाचा अजून जमिनीवर टेकल्या नव्हत्या. राजेश्वरी चार पावले मागे जाऊन स्कूटीपाशी उभी राहिली.