लायन्ससाठी किचनमध्ये

अठरा वर्षं झाली, अमेरिकन फुटबॉलमधल्या आमच्या डेट्रॉइट लायन्सची एकही अटीतटीची मॅच मी शेवटपर्यंत पाहिलेली नाही. एकदा मी चहा टाकायला उठले आणि तेवढ्यात लायन्सनी हातची गेलेली मॅच जिंकली. तेव्हापासून माझ्या नवऱ्याचा, दिगंबरचा, सिद्धांत ठरला: शरयू किचनमध्ये असली की लायन्स जिंकतात. इंजिनिअरिंगच्या दोन-दोन डिग्र्या आणि अक्कल ही अशी! बरं, त्यानंतरही लायन्स रग्गड हरले. पण मग म्हणे, मी उशिरा उठले.

या थँक्सगिव्हिंगला मात्र मी ठणकावून सांगितलं होतं, आज मी हलणार नाही. शिकागोजवळच्या शॉमबर्गहून माझ्या लेकीच्या, सईच्या, होणाऱ्या सासरची मंडळी डेट्रॉइटजवळ ट्रॉयला आमच्याकडे आली होती. सगळे शिकागो बेअर्सचे कट्टर भक्त. लग्न कुठे करायचं, यावर दोन महिने घोळ चालला होता. शेवटी दिगंबर आणि व्याही गुरुनाथराव यांनी फोनवर परस्पर ठरवून टाकलं: आजची मॅच ज्याची टीम जिंकेल, त्याच्या गावात लग्न. आम्हा बायकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. मला एकुलत्या एका लेकीची पाठवणी माझ्या दारातून करायची होती, कुठल्यातरी हॉटेलच्या लॉबीतून नाही.

शेवटची चार सेकंदं उरली. लायन्स दोन पॉइंटनी पुढे, आणि किक बेअर्सची. बॉल दोन खांबांमधून गेला की त्यांना तीन पॉइंट आणि लग्न शॉमबर्गला. तेवढ्यात लायन्सनी टाइमआउट घेऊन खेळ थांबवला.

"शरयू, प्लीज यार," दिगंबरने चक्क हात जोडले. "सईसाठी तरी जा."

लेकीचं नाव काढलं म्हणून चरफडत उठले.

किचनमध्ये विहीणबाई, सुवर्णाताई, ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"काही हवंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"छे हो. मला पाठवलंय. मी किचनमध्ये असले की बेअर्सची किक आत जाते म्हणे. बारा वर्षं झाली."

मग माझंही सांगितलं, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

हसता हसता मी म्हणूनच टाकलं, "ताई, मला लग्न इथे हवंय. सई माझ्या दारातून निघावी, एवढंच."

"मग हे मला आधीच सांगायचं ना! आम्हाला कुठलाही हॉल चालेल. लग्न इथेच करू. ती किक जाऊ दे जायची तिकडे." त्यांनी पदर खोचला. "चला, बघू तरी!"

आम्हाला बाहेर येताना पाहून दोघेही नवरे एकदमच ओरडले, "आत जा!"

आम्ही सोफ्यावर मधोमध जाऊन बसलो. बॉल उडाला, हळूहळू वळला आणि खांबांच्या बरोबर मधून गेला. बेअर्स जिंकले. काय सुंदर किक होती! इतकी वर्षं मला हे बघू दिलं नव्हतं.

"तू बाहेर का आलीस?" दिगंबर कळवळला. गुरुनाथराव नाचायला लागले, "लग्न शॉमबर्गला! शॉमबर्गला!"

"लग्न ट्रॉयला," सुवर्णाताई म्हणाल्या. "आमचं ठरलंय. आणि अहो, मी बाहेर असूनही गेली बरं का किक."

गुरुनाथरावांचा नाच तिथेच थांबला. मी पाय वर घेऊन ऐसपैस बसले.

"दिगंबर," मी म्हटलं, "चहा टाक. सगळ्यांना."