मागे घेतलेला निबंध

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप. माझ्या झाकणाची बिजागरी सैल झाली आहे, काही कळांवरची अक्षरे पुसली आहेत आणि काम जरा जास्त पडले की मला धाप लागते. पण माझेही दिवस होते.

ताईने मला तिच्या पहिल्या नोकरीत घेतले. ती इमारतींचे नकाशे काढायची. "हा आहे म्हणून माझं काम वेळेत होतं," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि मी फुलून जायचो. पुढे तिला कचेरीतून नवा लॅपटॉप मिळाला. मग माझी रवानगी कपाटावर, जुन्या चादरींखाली झाली.

तिथून मला काढले धाकटीने, ताईच्या बहिणीने. ती विज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होती. शेवाळ पाण्यातले शिसे शोषून घेऊ शकते का, यावर आजवर झालेले संशोधन वाचून त्याचा आढावा लिहायचा आणि परीक्षकांपुढे उभे राहून तो मांडायचा, हे तिचे काम. ती एकामागून एक शोधनिबंध उघडायची आणि माझा पंखा घरघरायचा. "अगं, म्हाताऱ्याचा जीव घेशील!" ताई ओरडायची. मग धाकटी माझ्याखाली दोन पेन्सिली सरकवायची, वारा खेळता राहावा म्हणून.

सादरीकरणाच्या आदल्या दुपारी एक आकडा पडताळायला तिने या विषयावरचा सर्वांत गाजलेला निबंध पुन्हा उघडला. वर लाल ओळ होती : 'आकडेवारी विश्वासार्ह नसल्याने हा निबंध मागे घेण्यात आला आहे.' माझ्या कळांवर टेकलेली तिची बोटे गार पडली. तिच्या आढाव्याचा अर्धा डोलारा त्याच निबंधावर उभा होता.

"कुणाला कळणारे?" ताई म्हणाली. "उद्या बोलून मोकळी हो, मग बघू."

"मला कळलंय ना, ताई."

तिने मार्गदर्शक बाईंना फोन लावला. बाईंनी सगळे ऐकून घेतले. मग तुटक आवाज आला, "ऐन वेळी सांगतेस? आढावा तुझा आहे. तू ठरव."

धाकटीने डोळे पुसले आणि कामाला लागली. आलेख गेले, पाने गेली. 'शेवाळ शिसे काढते' या निष्कर्षाच्या जागी आले, 'हे अजून ठामपणे सांगता येत नाही.' मी तापून लाल झालो होतो. आत्ता बंद पडलो तर हिचे कसे होईल, एवढीच धास्ती मला होती.

दुसऱ्या दिवशी सभागृहात तिने आढावा मांडायला सुरुवात केली. बाहेरून आलेले परीक्षक मध्येच म्हणाले, "तो गाजलेला निबंध कुठे दिसत नाही? वाचला नाहीत का?"

"वाचलाय, सर. पण तो मागे घेतलाय."

"शक्यच नाही! मी तो दरवर्षी शिकवतो. दाखवा बघू."

तिने कळ दाबली. माझ्या पडद्यावर चक्र गरगरत राहिले. कुणीतरी खुर्चीत चुळबुळले. बाई खाली मान घालून बसल्या होत्या. मी सारे बळ एकवटले. अखेर पान उघडले आणि प्रोजेक्टरमधून भिंतीवर ती लाल ओळ हातभर मोठी दिसली.

परीक्षकांनी चष्मा नाकावर सरकवून ती दोनदा वाचली. "मला ठाऊक नव्हतं," ते हळूच म्हणाले. "पुढे बोला."

दोन प्रकरणे पुन्हा लिहायला सांगून त्यांनी तिला उत्तीर्ण केले. बाहेर आल्यावर बाईंनी तिचा हात धरला. "तो निबंध मीच तुला सुचवला होता गं. माझा स्वतःवरचा राग काल तुझ्यावर काढला."

मित्रांनो, आमची धूळ पुसत जा, आम्हाला जरा उसंत देत जा. आमच्या पोटात जे भराल ते आम्ही निमूट दाखवतो. खोटेही तितक्याच ठळक अक्षरांत. त्यातले खरे कोणते, हे मात्र तुम्हालाच बघावे लागेल.