खळग्याला दिलेली वाट

खुटबावचे संपतआबा आपली नात नीलम हिच्यासमवेत दापोलीजवळच्या खडकाळ किनाऱ्यावर आले होते. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या जीवसृष्टीचा अभ्यास करण्यासाठी तिला येथे वर्षभर राहावयाचे होते. घरच्यांनी निर्णय आबांवर सोपविला होता आणि आबांनी अद्याप होकार दिला नव्हता.

सकाळी समुद्र ओसरला. आबांनी ओला हात कपाळी लावला, मगच ते खडकांवर उतरले. नीलमने एक खळगा दाखविला. त्यात समुद्रफुले, म्हणजे फुलांसारखे बाहू पसरणारे जीव, उमलली होती, कपारीला एक तारामासा चिकटला होता आणि खडकाच्याच रंगाचे बारीक मासे तळाशी निश्चल होते.

“ह्यांचं पाणी तुटलंय की गं!” आबा हळहळले.

नीलम पलीकडचा खडक पाहण्यात गुंतली होती. तिने ऐकले नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की उसाला पाणी देण्यात आयुष्य गेलेल्या आबांना ते पाहवेना. खळग्याच्या तोंडाशी वाळूगोट्यांचा बांध होता. तो त्यांनी हातांनी फोडला आणि माशांना समुद्राकडे वाट करून दिली.

पाणी धावत सुटले. मासे मात्र कपारीत दडले. उघडी पडलेली समुद्रफुले मिटून नुसते गोळे झाली.

“आबा! हे काय केलंत?” नीलम धावत आली.

“सोडवत व्हतो त्यास्नी.”

“अडकलेत कुठं ते? घर आहे त्यांचं! भरतीपर्यंत उन्हात मरतील सगळे.”

“मग वरडती काय? गोटं आण!”

आबांनी खांद्यावरचा पंचा फटीत कोंबला, त्यावर गोटे रचले, वाळू दाबली. नीलम डब्यातून समुद्राचे पाणी आणू लागली; मग आबांनीही दुसरा डबा उचलला.

“हळू ओता, आबा. ऊस नाही हा.”

“व्हय, व्हय. शिकीव आता मला पाणी द्यायला!”

भरती येईपर्यंत ते तेथून हलले नाहीत. लाट बांधावरून आत आली, तेव्हा बहुतेक समुद्रफुलांनी बाहू पसरले होते. दोन मिटलेलीच राहिली. आबा त्यांच्याकडे बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी पंचा काढून पिळला आणि खळग्याला हात जोडले.

“कळलं का आता, आबा?”

“एका पाळीत कळायचं हाय व्हय ह्ये? बापाला फोन लाव. तुझं अंथरूण-पांघरूण पाठवून दे म्हणावं.”