मागच्या बाकाची फळी

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. मलावीत, झोम्बा डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या विटांच्या चर्चमध्ये मी अगदी मागे, भिंतीला टेकून असतो. कापालामुला सुताराने मला घडवले, तेव्हा सगळ्यांनी हात फिरवून माझे कौतुक केले. मग चर्चच्या पंचांनी ठरवले की ज्यांना चर्चची शिक्षा झाली आहे, त्यांनीच इथे बसायचे. येशूच्या आठवणीत सगळ्यांना वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर माझ्यापर्यंत येत नसे. कापालामुलाही त्या पंचांतलाच.

माझ्यावर पुष्कळ माणसे रडली. आधी वाईट वाटायचे. पुढे काहीच वाटेनासे झाले.

मग एनेलेसी नावाची विधवा आली. पोरांच्या पोटासाठी तिने दारू गाळली होती. ती रडली नाही. काही महिन्यांनी तिची धाकटी लेक फालेसी तापाने गेली. पंच चर्चमध्ये जमले.

"घंटा वाजवू या," पाळक म्हणाले. "लेकराचा काय गुन्हा?"

"आई शिक्षेत असली की घंटा नाही, प्रार्थना नाही. नियम आपणच केलाय, अबूसा," कापालामुला पाळकांना म्हणाला. "आज हिला सोडलं, तर उद्या कुणाला अडवणार?"

"येशूनं कुणाला अडवलं होतं?"

मतासाठी हात वर करायची वेळ आली तेव्हा कापालामुलाने तो नियमाच्याच बाजूने केला. बाकीच्यांनीही केला.

सगळे गेल्यावर तो करवत घेऊन परत आला.

"पेटीला वाळलेलं लाकूड आता कुठून आणू?" असे पुटपुटत त्याने माझी बसायची फळी काढली. करवत फिरली, तेव्हाही मला काही वाटले नाही. फालेसीच्या शवपेटीला तेवढी फळी पुरली; थोडी उरलीसुद्धा. घंटा वाजली नाही.

रविवारी एनेलेसी येऊन माझ्यापाशी उभी राहिली. बसणार कशावर?

"उभी काय राहिलीस, बाई? पुढं ये," पहिल्या रांगेतून कापालामुला म्हणाला आणि बाजूला सरकला.

"मी शिक्षेत आहे ना, काका."

"ठाऊक आहे. बाक मोडलाय."

ती जाऊन बसली. भाकरीचे ताट आले. नियमाप्रमाणे तिला वगळून ते त्याच्यापुढे धरले गेले. त्याने भाकर घेतली नाही, ताट तसेच पुढे दिले. दोघेही हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिले.

आता माझे नुसते पाय आणि पाठ उरली आहे. नवे पंच मला दुरुस्त करू म्हणतात. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण मला वाळवीने खाल्ले तरी चालेल, माझी फळी कोणी बसवू नका.